भुवया कोराव्यात की भराव्यात?

लग्नसराई जवळ आली की नांदेड-लातूरच्या ब्युटी पार्लरांत दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. पहिल्यांदाच भुवया करायला आलेली मुलगी विचारते, "ताई, एकदा आयब्रो केल्या की केस अजून दाट येतात म्हणे, खरं आहे का?" आणि दहा-बारा वर्षे दर महिन्याला दोरा फिरवून घेणारी बाई विचारते, "ताई, माझ्या करून करून विरळ झाल्यात, आता परत येतील का?" एकीला दाट होण्याची भीती, दुसरीला विरळ झाल्याची खंत. दोन्ही प्रश्नांचे उत्तर भुवईचा केस कसा वाढतो, यात आहे. ते एकदा समजले की भुवईला आकार द्यायचा कसा, रंग भरायचा कशाने आणि कोणत्या गोष्टीच्या वाटेलाच जायचे नाही, हे ठरवणे सोपे होते. या प्रकरणाचे म्हणणे थोडक्यात असे : जे संध्याकाळी पुसून टाकता येते त्यावर भिस्त ठेवावी, जे परत यायला महिने लागतात ते जपून करावे आणि जे परत येईलच असे नाही ते टाळावे.

1. भुवईचे काम काय?

कपाळावरचा घाम आणि पावसाचे पाणी थेट डोळ्यात न उतरता बाजूला वळावे, हे भुवईचे पहिले काम. तिची कमान आणि तिच्यातल्या केसांची दिशा दोन्ही याच कामाला जुंपलेल्या असतात. दुसरे काम बोलण्याचे. राग, आश्चर्य, शंका, लाज, नापसंती यांतले बरेचसे आपण शब्दांआधी भुवयांनी सांगून टाकतो. भरताच्या नाट्यशास्त्रात भुवयांच्या सात हालचाली वेगळ्या नावांनी सांगितल्या आहेत. भृकुटी ही त्यातलीच एक. अभिनयाचा विचार करणाऱ्यांनी इतक्या जुन्या काळी भुवईला इतके बारकाईने पाहिले, ते उगाच नव्हे.

तिसरे काम ओळख पटवण्याचे, आणि ते सहसा आपल्या लक्षात येत नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत जाविद सद्र, इझ्झत जरूदी आणि भारतीय वंशाचे पवन सिन्हा या संशोधकांनी 2003 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी पन्नास प्रसिद्ध व्यक्तींचे फोटो घेतले. काही फोटोंतले डोळे संगणकावर पुसून टाकले, काहींतल्या भुवया पुसल्या, आणि हे चेहरे लोकांना ओळखायला दिले. डोळे नसलेले चेहरे सुमारे 56 टक्के वेळा ओळखू आले, तर भुवया नसलेले फक्त 46 टक्के. म्हणजे ओळखीच्या बाबतीत भुवई डोळ्यापेक्षाही जास्त मोलाची ठरली. भुवई कोरताना आपण चेहऱ्याच्या सहीवर हात चालवत असतो. म्हणूनच पार्लरमधून बाहेर पडलेल्या नवरीला पाहून घरचे "ही आपली वाटतच नाही" म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा बदल भुवयांत झालेला असतो.

2. काढलेला केस परत केव्हा येतो?

शरीरावरचा प्रत्येक केस काही काळ वाढतो, मग वाढ थांबवून विश्रांती घेतो, आणि शेवटी गळून त्याच मुळातून नवा केस येतो. डोक्यावरच्या केसाचा वाढीचा काळ दोन ते सहा वर्षे असतो, म्हणून वेणी कमरेपर्यंत पोचते. भुवईच्या केसाचा वाढीचा काळ एक-दोन महिनेच असतो आणि विश्रांतीचा काळ त्याहून मोठा. कुठल्याही दिवशी भुवईतली बहुसंख्य मुळे विश्रांतीत असतात. भुवया आपोआप आखूड राहतात त्या यामुळे.

आता एक छोटा हिशेब करू. डोक्यावरचा केस दिवसाला साधारण 0.35 मिलिमीटर वाढतो, म्हणजे महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर. भुवईचा केस दिवसाला 0.15 मिलिमीटरच्या आसपास वाढतो. भुवईचा पूर्ण केस आठ मिलिमीटरचा धरला, तर तेवढा वाढायला 53 दिवस लागतील, आणि तेही मूळ लगेच कामाला लागले तर. विश्रांतीतल्या मुळातून केस उपटला, तर नवा केस सुरू व्हायलाच आणखी आठवडे जातात. म्हणून चुकून जास्त कोरलेली भुवई पूर्ववत व्हायला साधारण चार महिने धरावेत, क्वचित त्याहूनही जास्त. आता दर महिन्याला दोरा फिरवून घेणाऱ्या बाईचे गणित पाहा. तिच्या कडेच्या केसांना पूर्ण लांबी गाठायला वेळच मिळत नाही. शिवाय एकच मूळ वर्षानुवर्षे ओढले गेले तर ते दुखावते, आणि काही मुळे कायमची मिटतात.

दाट येण्याच्या भीतीचेही उत्तर इथेच मिळते. दोऱ्याने केस मुळासकट निघतो, मुळांची संख्या काही वाढत नाही. तरीही केस वाढल्यासारखे वाटतात, कारण वेगवेगळी मुळे वेगवेगळ्या आठवड्यांत जागी होतात आणि स्वच्छ केलेल्या जागी रोज एखादा नवा खुंट दिसू लागतो. पूर्वी तिथे केस होते तेव्हा त्यांच्याकडे कोणी इतक्या बारकाईने पाहत नव्हते. एरंडेलाबद्दलही स्पष्ट सांगायला हवे. एरंडेल चोळल्याने भुवईचा केस काळाभोर आणि जाड दिसतो, कारण तेलाचा थर त्याच्यावर बसतो. मिटलेले मूळ त्याने उघडते, असा भक्कम पुरावा नाही. लावायला हरकत नाही, पण त्या भरवशावर जास्त कोरण्याची सूट घेऊ नये.

3. आकार हाडात असतो

देगलूर तालुक्यातल्या होट्टलच्या चालुक्यकालीन मंदिरावरची शिल्पे किंवा निलंग्याच्या नीलकंठेश्वर मंदिरावरची शिल्पे पाहताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दगडातल्या भुवईला केस नसतात. कपाळ जिथे संपते आणि डोळ्याची खोबण जिथे सुरू होते, त्या सीमेवरची कड शिल्पकार उठवून दाखवतो, आणि तेवढ्यावर चेहरा जिवंत होतो. आपल्या चेहऱ्यावरही भुवईचा खरा आधार ही हाडाची कड आहे. केस तिच्यावर उगवतात, आणि भाव बदलतात तेव्हा त्याच कडेवर सरकतात. दुसऱ्या कोणाची भुवई आपल्या हाडावर चढवली तर ती स्थिर चेहऱ्यावर कदाचित शोभेल, पण हसता-बोलताना हाड एक सांगेल आणि रेघ दुसरेच.

आकार समजून घ्यायला चित्रकार अवनींद्रनाथ ठाकूर यांची मदत होते. भारतीय मूर्तिकलेतल्या शरीररचनेवर त्यांनी 1914 मध्ये लिहिले, तेव्हा परंपरेतली भुवईची दोन रूपे सांगितली : एक धनुष्याचे आणि दुसरे कडुनिंबाच्या पानाचे. मराठवाड्यात कडुनिंब दारोदारी आहे. त्याच्या डहाळीवरचे एक पान खुडून आडवे धरावे. देठाकडे ते रुंद असते, पण तिथली कड सरळ कापलेली नसते. मध्ये ते हलकेच वळते. टोकाकडे निमुळते होत जाते आणि कुठेही अचानक कोन करत नाही. चांगल्या भुवईचे तिन्ही गुण या पानात आहेत : सुरुवात मऊ, वळण सावकाश आणि शेवट बारीक. हे पान नजरेसमोर ठेवले, तर सुरुवातीला चौकोनी ठोकळा आणि मध्ये टोकदार कमान, या नेहमीच्या दोन चुका सहज टळतात.

आपल्या चेहऱ्यावर हे पान कुठे बसते, ते शोधायला एक पेन्सिल पुरे. आरशासमोर सरळ पाहावे. पेन्सिल नाकपुडीच्या बाहेरच्या कडेला उभी धरली की ती भुवईला जिथे छेदते, तिथे भुवई सुरू होते. नाकपुडीपासून बुबुळाच्या बाहेरच्या कडेवरून तिरकी धरली की वळणाची सर्वांत उंच जागा मिळते. नाकपुडीपासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून धरली की शेवट मिळतो. या नियमाला एक दुरुस्ती हवी. नाक रुंद असेल तर पहिली खूण फार बाहेर जाते आणि दोन भुवयांत मोठे अंतर पडते. तेव्हा नाकपुडीऐवजी डोळ्याचा आतला कोपरा धरावा. शेवटचे टोक सुरुवातीच्या पातळीच्या खाली उतरू देऊ नये, कारण त्याने चेहरा थकलेला दिसतो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट धरावी लागते, ती म्हणजे टिकली किंवा कुंकू. कपाळाच्या मध्यावर खूण असली की पाहणाऱ्याची नजर तिथून दोन्ही बाजूंची अंतरे नकळत मोजते. एक भुवई आत आणि दुसरी बाहेर सुरू झाली असेल, तर टिकलीमुळे तो फरक अधिक डोळ्यांत भरतो. म्हणून मोजमाप टिकली लावून करावे. दोन्ही भुवया तंतोतंत सारख्या मात्र कोणाच्याच नसतात. सुरुवात आणि शेवट एका पातळीत आले की पुरे. मधल्या फरकासाठी केस उपटत बसू नये, तो रंगाने भरून काढावा.

4. भरायचे कशाने आणि कसे?

घरात पहिला हात जातो तो काजळाच्या पेन्सिलीकडे, आणि तीच भुवईला सर्वांत कमी चालते. काजळ डोळ्याच्या नाजूक कडेवर न ओढता उतरावे म्हणून मऊ आणि तेलकट बनवलेले असते. कपाळावर घाम आला की ते पसरते. भुवईची पेन्सिल मेण जास्त असल्याने कडक असते, तिची रेघ बारीक येते आणि टिकते. दुसरा पर्याय आयब्रो पावडर, किंवा न चमकणारी गडद तपकिरी आयशॅडो, तिरक्या कडेच्या बारीक ब्रशने लावलेली. तेलकट त्वचेला पावडर बरी, कारण ती तेल शोषते. कोरड्या त्वचेला पेन्सिल. तिसरी गोष्ट म्हणजे भरून झाल्यावर केस जागेवर धरणारे पारदर्शक जेल.

रंग निवडताना केस काळे म्हणून पेन्सिलही काळी, असा हिशेब करू नये. खरी भुवई निव्वळ काळी नसते, कारण केसांच्या मधून त्वचा दिसते आणि दोन्ही मिळून डोळ्याला काळपट तपकिरी रंग दिसतो. म्हणून काळ्या केसांच्या, सावळ्या किंवा गव्हाळ चेहऱ्याला गडद तपकिरी रंग शोभतो. केस पांढरे होऊ लागले असतील तर राखाडी छटेचा तपकिरी घ्यावा.

आता कृती. आधी भुवई कोरड्या कापसाने पुसून तेल काढावे आणि जुन्या मस्काराच्या धुतलेल्या ब्रशने केस वरच्या दिशेने विंचरावेत. विंचरले की खरी रिकामी जागा कुठे आहे ते कळते. पुष्कळदा विरळ वाटलेली भुवई नुसती अस्ताव्यस्त असते. मग शेवटच्या टोकापासून सुरुवात करावी, कारण केस तिथे सर्वांत कमी आणि रंगाची गरज सर्वांत जास्त असते. एक सलग रेघ न ओढता केसाएवढ्या छोट्या रेघा, केस ज्या दिशेने उगवतो त्या दिशेने काढाव्यात : नाकाजवळ वर, मध्यावर तिरक्या बाहेर, शेवटी बाहेर आणि खाली. मध्ये थोडी त्वचा दिसू द्यावी. पूर्ण बुजवली की नजरेला केस न दिसता पट्टा दिसतो. नाकाजवळच्या पहिल्या तीन-चार मिलिमीटरमध्ये ब्रशवर उरलेला रंगच फिरवावा. शेवटी पुन्हा एकदा विंचरून रंग मिसळावा आणि हातभर अंतरावरून आरशात पाहावे, कारण लोक आपल्याला तेवढ्यावरूनच पाहतात.

लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत पेन्सिल घेताना वेष्टन वाचायची सवय लावावी. उत्पादकाचे नाव आणि पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि कधीपर्यंत वापरावे याची तारीख, एवढे त्यावर असलेच पाहिजे. भारतात सौंदर्यप्रसाधनांना 2020 चे कॉस्मेटिक्स रूल्स लागू आहेत, आणि रंगद्रव्यातल्या शिशाला 20 पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत वीस भागांची मर्यादा आहे. नावगाव नसलेल्या स्वस्त पेन्सिलीत किती शिसे आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

5. मांडव, मुंडावळ्या आणि मे महिना

आपल्याकडची लग्ने नेमकी एप्रिल-मेमध्ये येतात. नांदेड-लातूरचा पारा तेव्हा चाळिशीच्या वर असतो आणि मांडवात माणसांची दाटी. घाम आणि त्वचेचे तेल मिळून मेण विरघळवतात, आणि भर म्हणून मुंडावळ्यांचा दोरा कपाळावर, त्याची लोंबती टोके नेमकी भुवईच्या शेवटाशी घासतात. नवरीच्या भुवया फोटोंत बाहेरच्या टोकाशी पुसट दिसतात त्या यामुळे. उपाय असा : पेन्सिलीवर त्याच रंगाची पावडर हलक्या हाताने दाबावी, वर जेल लावावे आणि ते पूर्ण वाळल्यावरच मुंडावळ्या बांधाव्यात. केसांना त्या सकाळी तेल लावू नये. ते कपाळावर उतरते. घाम आला तर पुसू नये, टिपावा.

दोरा कधी फिरवायचा, याचेही वेळापत्रक हवे. दोऱ्याने केस निघाल्यावर त्वचा काही तास लाल राहते आणि मुळांची तोंडे उघडी असतात. रविवारी लग्न आणि शनिवारी हळद असेल, तर भुवया बुधवारीच कराव्यात. शनिवारी सकाळी केल्या तर हळद आणि उटणे ताज्या त्वचेला झोंबते आणि पुरळ येऊ शकते. नवा आकार लग्नासाठी पहिल्यांदाच करून पाहू नये. बिघडला तर चार महिने लागतात, हे आपण पाहिलेच. स्वच्छतेचा आग्रह तर नेहमीच धरावा. दोऱ्याचे एक टोक दातात धरून काम करण्याची रीत जुनी आहे. त्याऐवजी ते गळ्यात अडकवता येते. दोरा प्रत्येकीसाठी नवा हवा. चामखीळ आणि त्वचेवरचे इतर संसर्ग दोऱ्यामुळे पसरल्याच्या नोंदी त्वचारोगतज्ज्ञांनी केल्या आहेत. "ताई, दोरा नवा घ्या" असे म्हणण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

6. टिकाऊ उपायांचा हिशेब

रोज भरण्याचा कंटाळा येतो आणि मग डोक्याचा उरलेला डाय भुवईला लावला जातो. हे करूच नये. भारतातल्या कायद्यानुसार अशा केसांच्या रंगाच्या वेष्टनावर पापण्यांना किंवा भुवयांना लावू नये, आंधळेपण येऊ शकते, असा इशारा छापावा लागतो. हा इशारा नुसता धाक नाही. अमेरिकेत 1933 च्या सुमारास लॅश ल्यूर नावाच्या पापण्या-भुवयांच्या रंगाने स्त्रियांचे डोळे गेले, आणि 1938 मध्ये तिथे सौंदर्यप्रसाधनांवर कडक कायदा आला त्यामागे अशा घटना होत्या.

दुसरा उपाय मायक्रोब्लेडिंगचा, म्हणजे बारीक पात्यांनी त्वचेत केसांसारख्या चिरा पाडून रंग भरण्याचा. तो एक-दोन वर्षे ठळक राहतो. त्याचे मूल्यमापन करायला मराठवाड्यात पुरावा समोरच आहे. खेड्यातल्या जुन्या पिढीच्या बायकांच्या कपाळावरचे गोंदण काळ्या रंगाने काढलेले असते, पण वयानुसार ते हिरवट-निळे दिसते, कारण त्वचेच्या खोल थरातला काळा रंग वरच्या थरातून पाहताना निळसर भासतो. गोंदणाला ती छटा शोभते, भुवईला शोभत नाही. शिवाय वय वाढते तशी त्वचा सैल होते आणि हाडावरून सरकते, कोरलेली रेघ तिच्याबरोबर सरकते. चाई किंवा अन्य कारणाने ज्यांच्या भुवया कायमच्या गेल्या आहेत, त्यांना हा उपाय डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर दिलासा देईल. भुवई असलेल्या स्त्रीने निव्वळ सोयीसाठी तो करणे मात्र घाईचे आहे.

7. रंग लावण्याआधी विचारायचा प्रश्न

भुवया न कोरताही विरळ होत असतील, तर आधी कारण शोधावे. थायरॉइडचे काम मंदावले की भुवईचा बाहेरचा तिसरा हिस्सा विरळ होऊ शकतो. कुष्ठरोगातही केस बाहेरच्या बाजूने गळू लागतात. त्यावरचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि वेळेवर घेतले तर विकृती टळते. चाईत गोल चकती पडते. अशा वेळी पेन्सिल लक्षण झाकते आणि निदान लांबवते. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था गाठून त्वचारोग विभागात एकदा दाखवावे, मग खुशाल रंग भरावा.

8. काही आक्षेप

पहिला आक्षेप असा की रंग भरलेली भुवई खोटी दिसते. ती खोटी दिसते ते निव्वळ काळा रंग आणि सलग रेघ यांमुळे. छोट्या रेघा आणि तपकिरी रंग वापरला तर समोरच्याला फक्त चेहरा टवटवीत वाटतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : कमी कोरा म्हणाल तर पार्लर चालवणाऱ्या बाईच्या पोटावर पाय येईल. मराठवाड्यात हजारो स्त्रिया या कामावर घर चालवतात, म्हणून याचे उत्तर जबाबदारीने द्यायला हवे. आयटीआयच्या कॉस्मेटॉलॉजीच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमात नुसते केस काढणे शिकवत नाहीत, मेकअपही शिकवतात. जी ताई गिऱ्हाइकाला तिच्या हाडाप्रमाणे आकार आखून देते, कोणती पेन्सिल घ्यावी ते सांगते आणि भरायला शिकवते, तिच्याकडे गिऱ्हाईक विश्वासाने परत येते. दोरा कोणीही फिरवील, पारख सगळ्यांकडे नसते. तिसरा आक्षेप घरातून येतो की मुलींना हे सगळे हवेच कशाला. ज्यांना नको त्यांनी मुळीच करू नये, नैसर्गिक भुवई पुरेशी सुंदर आहे. पण शिक्षणासाठी लातूरच्या वसतिगृहात राहणारी मुलगी मैत्रिणीकडून अंदाजाने भुवया कोरून घेते, त्यापेक्षा तिला हे ज्ञान आधी मिळालेले बरे.

म्हणून वाचकांना विनंती आहे : पुढच्या वेळी पार्लरच्या खुर्चीत बसताच "बारीक करा" म्हणू नका. दोन भुवयांच्या मधले आणि अगदी खालच्या कडेचे सुटे केस तेवढे काढायला सांगा, वरची कड राहू द्या, आणि तीन-चार महिने उरलेले काम पेन्सिलीवर सोपवा. रात्री खोबरेल तेलाच्या बोळ्याने तो रंग पुसून टाका. इतक्या अवधीत तुमची स्वतःची भुवई कशी आहे ते तुम्हाला दिसेल, आणि तिच्यातले किती काढायचे हा निर्णय मग तुम्ही घ्याल.